सोनोग्राफीवर किडनी मोजताना: लांबीपासून घनफळापर्यंत

पन्नाशीच्या एक बाई नेफ्रॉलॉजीच्या ओपीडीतून आमच्याकडे आल्या. किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन ३.२. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले चार जुने रिपोर्ट. एकेक उलगडून पाहिला. चारही रिपोर्टांत तीच ओळ: दोन्ही किडन्या आकाराने सामान्य. आकडा एकातही नाही. आज त्यांची उजवी किडनी ८.४ सेंमी भरली, डावी ८.७. त्या हळूहळू आक्रसत गेल्या, की गेल्या वर्षभरातच लहान झाल्या, की पहिल्यापासूनच एवढ्या होत्या? हे सांगायला आमच्या हातात काही नव्हतं. बाईंनी चार वेळा पैसे भरले होते, चार वेळा उपाशी बसल्या होत्या, आणि त्यांना हवं असलेलं उत्तर एकाही कागदावर नव्हतं.

किडनीची मापं घ्यायची ती या बाईंसाठी. तुम्ही आज लिहिलेला आकडा पाच वर्षांनी दुसऱ्या गावात, दुसऱ्या मशीनवर, तुम्हाला कधीच न भेटलेल्या डॉक्टरला तुलनेसाठी लागणार आहे. रेडिओलॉजीच्या पहिल्या वर्षात नुकताच प्रोब (अंगावर टेकवायचा सोनोग्राफीचा दांडा) हातात आलेल्यांसाठी, आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचून निर्णय घेणाऱ्या मेडिसिनच्या मंडळींसाठीही, मी हे लिहिते आहे.

आधी किडनी कशी उभी आहे ते डोळ्यांपुढे आणा

किडनीचा आकार काजूच्या बीसारखा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती उभी कशी असते, हे मात्र प्रोब धरल्याबरोबर विसरायला होतं. दोन्ही किडन्या सोआस या कण्यालगतच्या स्नायूच्या कडेला टेकलेल्या असतात. सोआस खाली जाताना बाहेरच्या बाजूला सरकतो, म्हणून किडनीही त्याच्याबरोबर तिरकी होते. वरची टोकं एकमेकांच्या जवळ, खालची लांब. कौलारू घर समोरून पाहिलं की छपराचे दोन उतार दिसतात, तसं. शिवाय वरचं टोक पाठीकडे आणि खालचं टोक पोटाकडे झुकलेलं असतं. म्हणजे तिरकेपणा एकाच दिशेने नसून दोन दिशांनी आहे.

यातून पहिली सूचना निघते. प्रोब पाठीच्या कण्याला अगदी समांतर धरलात तर तुम्ही किडनीच्या खऱ्या अक्षावर नाही. प्रोबचं वरचं टोक पाठीकडे आणि खालचं टोक पोटाकडे थोडं वळवूनच सुरुवात करायची. अनेक रुग्णांत बरगड्यांची रेघही साधारण त्याच दिशेने जाते. त्यामुळे दोन बरगड्यांच्या फटीतून बघताना प्रोब आपोआप बऱ्यापैकी बरोबर बसतो.

तयारी

मोठ्या माणसासाठी २ ते ५ मेगाहर्ट्झचा कर्व्हिलिनिअर (वक्र तोंडाचा) प्रोब. बारीक अंगाच्या माणसाला आणि मुलांना याहून जास्त फ्रिक्वेन्सी चालते, तान्ह्या बाळाला तर लिनिअर (सपाट तोंडाचा) प्रोबसुद्धा पुरतो. डेप्थ (चित्र किती खोलवरचं घ्यायचं ते) अशी ठेवा की किडनीने पडद्याचा दोन तृतीयांशाहून थोडा अधिक भाग व्यापावा. किडनी पडद्यावर चिमुकली दिसत असेल तर कॅलिपर (माप घ्यायला पडद्यावर ठेवायच्या खुणा) किंचित इकडेतिकडे झाले तरी माप दोन-तीन मिलिमीटरने बदलतं. फोकस किडनीच्या मध्यावर आणा.

मापं घ्यायला रुग्ण उपाशीच हवा असं नाही. आतड्यात वायू कमी असला तर डावी किडनी जरा बरी दिसते, इतकंच. मूत्राशय मात्र तट्ट भरलेलं असेल तर दोन्हीकडचं पेल्व्हिस (किडनीतली लघवी गोळा होण्याची जागा) थोडं फुगलेलं दिसू शकतं. तसं वाटलं की रुग्णाला लघवी करून यायला सांगायचं आणि पुन्हा बघायचं. तिथे दहा मिनिटं वाचवू नका. ‘हायड्रोनेफ्रोसिस’ (लघवी तुंबून किडनी फुगणं) हा शब्द रिपोर्टवर एकदा छापला गेला की माणूस रात्रभर झोपत नाही.

भारतात ही तपासणी डॉक्टरच करतात. मशीन आणि ते चालवणारा डॉक्टर, दोघांचीही नोंदणी गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४च्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली असते. किडनीच बघायची असली तरी या नियमांना सूट आहे असं धरून चालू नका. आमच्या विभागात गरोदर बाई मुतखड्याच्या दुखण्यासाठी आली तरी आधी त्या कायद्याचा फॉर्म एफ भरून होतो, मगच प्रोब हातात घेतला जातो.

लांबी: सगळ्यात महत्त्वाचं माप

रुग्णाला उताणं झोपवून उजवी किडनी यकृतातून बघता येते. यकृत ही आपल्याला आयती मिळालेली खिडकी आहे. नीट दिसली नाही तर रुग्णाला डाव्या कुशीवर थोडं वळवा आणि उजवा हात डोक्यावर घ्यायला सांगा. हात वर गेला की बरगड्यांच्या फटी रुंदावतात. डाव्या किडनीला प्लीहेची खिडकी लहान असते आणि पुढून जठर आणि आतड्यातला वायू आडवा येतो. म्हणून रुग्णाला पूर्ण उजव्या कुशीवर घ्या, डावा हात डोक्यावर, आणि प्रोब पाठीच्या बाजूने, बराच मागून लावा. नवे लोक डाव्या किडनीसाठी प्रोब फार पुढे लावतात आणि मग ‘गॅस आहे, दिसत नाही’ म्हणून सोडून देतात. चार बोटं मागे सरकून बघा.

मग श्वास. ‘श्वास घ्या, रोखा’ म्हटलं की निम्मी माणसं छाती पुढे काढतात आणि पोट आत ओढतात, त्यामुळे किडनी जागची फारशी हलत नाही. ‘नाकाने हळू श्वास घ्या आणि पोट फुगवा’ असं सांगा. वयस्क मंडळींना स्वतः पोट फुगवून दाखवा, चटकन समजतं. आणि ‘सोडा’ म्हणायला विसरू नका. कॅलिपर लावण्याच्या नादात आपण गप्प होतो आणि समोरचे आजोबा बिचारे श्वास धरून लाल होत राहतात. चित्र फ्रीज झालं की लगेच ‘सोडा आजोबा’ म्हणायचं, मापं नंतर घ्यायची.

आता खरं काम. किडनी सापडली की आधी प्रोब जागच्या जागी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत झुकवून संपूर्ण किडनी बघून घ्या. मग मधोमध थांबा आणि प्रोब घड्याळाच्या काट्यासारखा थोडा एकीकडे, थोडा दुसरीकडे फिरवा. लांबी वाढत वाढत एका जागी सगळ्यात जास्त होते आणि पुढे पुन्हा कमी होऊ लागते. ती सगळ्यात जास्त लांबीची जागा म्हणजे तुमचा छेद.

काकडी उभी चिरताना सुरी जरा तिरकी गेली तर फोड टोकापर्यंत पोचत नाही, मध्येच सालीतून बाहेर पडते. किडनीचं नेमकं तसंच होतं. फोड दिसायला छान, दोन्हीकडे गोल, पण खऱ्या काकडीपेक्षा आखूड. किती आखूड, ते मी एकदा कागदावर मांडून पाहिलं. १०.४ सेंमी लांब आणि ४.८ सेंमी रुंद असा लंबगोल घ्या. त्याच्या मध्यातूनच पण १० अंश तिरका छेद घेतला तर लांबी ९.९ सेंमी येते. २० अंश तिरका घेतला तर ८.७. म्हणजे धडधाकट किडनी फक्त मनगटाच्या वळणामुळे ‘आक्रसलेली’ ठरू शकते.

माझ्या हातून हे झालं आहे. रेसिडेन्सीच्या दुसऱ्या महिन्यात रात्रपाळीला एका तरुण मुलाची उजवी किडनी मी ८.८ लिहिली, डावी १०.६. सकाळी फिजिशियननी रक्तवाहिनी अरुंद झाल्याची शंका घेतली आणि पुढच्या तपासण्यांची तयारी सुरू झाली. आमच्या मॅडमनी त्याला पुन्हा टेबलावर घेतलं, माझाच हात धरून प्रोब थोडा फिरवला, आणि पडद्यावर खालचं टोक हळूहळू उमलत गेलं. १०.३. मुलाची आई दारात उभी होती. तिला काय सांगावं ते मला सुचेना. त्या दिवसापासून मी एका मापावर कधीच थांबत नाही.

छेद खरा आहे हे कसं ओळखायचं? दोन्ही टोकं गोल आणि स्पष्ट हवीत, कॅप्सूलची, म्हणजे किडनीच्या बाहेरच्या आवरणाची, पांढरी रेघ दोन्हीकडे बंद होताना दिसायला हवी, आणि मधला सायनसचा (किडनीच्या गाभ्यातल्या चरबीचा आणि वाहिन्यांचा) पांढरा भाग लांबट, साधारण मध्यभागी असावा. एक टोक धूसर होऊन विरून जात असेल तर तो छेद नाही. एक टोक बरगडीच्या सावलीत असेल तर सावलीत अंदाजाने कॅलिपर ठेवू नका. श्वास बदला, फट बदला, पुन्हा घ्या.

तीन वेगवेगळे छेद घ्या, दर वेळी प्रोब उचलून. मग सरासरी घ्यायची की सगळ्यात मोठं माप? लांबीसाठी मी सगळ्यात मोठं घेते. कारण लांबीतली चूक बहुतेक वेळा एकाच बाजूची असते: तिरक्या छेदाने किडनी आखूड होते, लांब होत नाही. अट एकच. ते मोठं माप खरोखर किडनीचंच असलं पाहिजे, शेजारच्या चरबीचं किंवा यकृताच्या कडेचं नव्हे.

कॅलिपर कुठे ठेवायचे

कॅप्सूलच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. किडनीभोवतीची चरबी काही रुग्णांत राखाडी दिसते आणि कॉर्टेक्समध्ये (किडनीच्या बाहेरच्या थरात) मिसळल्यासारखी वाटते. तिथे गेन (चित्राचा उजळपणा) थोडा कमी-जास्त करून पाहिला की रेघ सुटी होते. श्वासाबरोबर काय सरकतंय ते बघणंही उपयोगाचं: किडनीची कड किडनीबरोबर सरकते.

टोकावर बाहेर आलेली मोठी सिस्ट (पाण्याची पिशवी) असेल तर ती लांबीत धरायची नाही. तिचं माप वेगळं लिहा. डाव्या किडनीच्या बाहेरच्या कडेवर कधी उंटाच्या मदारीसारखा उंचवटा असतो. तो किडनीचाच निरोगी भाग आहे, गाठ नव्हे. लांबीवर त्याचा परिणाम नाही, पण रुंदी त्या पातळीवर घेतलीत तर आकडा फुगेल.

आडवा छेद: रुंदी आणि जाडी

लांबीचा खरा छेद मिळाला की तिथूनच प्रोब ९० अंशांत फिरवा. हे ९० अंश किडनीच्या अक्षाला धरून, रुग्णाच्या शरीराला धरून नव्हेत. शरीराला आडवा छेद घेतला तर तिरक्या किडनीला तो तिरकाच कापतो आणि एक माप उगाच मोठं येतं.

मग वरखाली सरकत हायलमपाशी या, जिथून रक्तवाहिन्या आत शिरतात. तिथे किडनी घोड्याच्या नालासारखी दिसते. पुढचा ओठ, मागचा ओठ आणि मध्ये उघडं तोंड. रुंदी मोजायची ती बाहेरच्या कडेपासून या दोन ओठांना जोडणाऱ्या काल्पनिक रेघेपर्यंत. तोंडातून बाहेर डोकावणारी चरबी किंवा पेल्व्हिस त्यात घ्यायचं नाही. जाडी म्हणजे पुढून मागे, रुंदीच्या रेघेशी काटकोनात. प्रोब पोटावर जोरात दाबला तर ही जाडी कमी भरते, बारीक माणसांत तर हमखास. जेल सढळ हाताने घ्या, हात हलका ठेवा.

तीन मापांत सर्वात बेभरवशाची मापं म्हणजे ही दोन. म्हणूनच रोजच्या कामात लांबी हेच मुख्य माप ठरलं आहे.

घनफळाचं गणित

शाळेत गोलाचं घनफळ शिकलो होतो. त्रिज्येऐवजी व्यास घेतला तर ते पाय (π) भागिले सहा गुणिले व्यासाचा घन, असं होतं. किडनीला तीन दिशांनी तीन वेगळे व्यास आहेत, म्हणून व्यासाच्या घनाऐवजी तिघांचा गुणाकार:

घनफळ = लांबी × रुंदी × जाडी × ०.५२३६

सगळी मापं सेंटीमीटरमध्ये घेतली की उत्तर मिलिलिटरमध्ये येतं. उदाहरण बघा. १५८ सेंमी उंचीच्या एका बाईंची उजवी किडनी १०.४ × ४.८ × ४.६. गुणाकार २२९.६, घनफळ १२० मिली. डावी १०.८ × ५.१ × ४.७. गुणाकार २५८.९, घनफळ १३६ मिली. दोन्ही मिळून २५६ मिली. मशीन हा हिशेब स्वतः करतं, पण तोंडी अंदाज यायला हवा: तिघांचा गुणाकार करा, निम्मा करा, त्यात थोडी भर घाला. मशीनने १२०च्या जागी ४२० दाखवलं तर चूक तिथल्या तिथे पकडता येते. किडनीची घनता पाण्याहून जेमतेम जास्त असल्यामुळे मिलिलिटरचा आकडा जवळपास ग्रॅमच्या आकड्याइतकाच असतो. मोठ्या माणसाची किडनी साधारण १२० ते १७० ग्रॅमची असते, तेव्हा उत्तर त्या आसपास येतंय का, हे मनाशी ताडून पाहता येतं.

आता या सूत्राच्या मर्यादा. पहिली: किडनी खरा लंबगोल नाही, तिची टोकं लंबगोलापेक्षा बोथट असतात. एमआरआयशी ताडून पाहिल्यावर असं दिसून आलं की सोनोग्राफी आणि हे सूत्र मिळून घनफळ कमी दाखवतात, आणि ही तूट २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. म्हणून सोनोग्राफीवरच्या १२० मिलीची तुलना एमआरआयवरच्या १४५ मिलीशी करून ‘किडनी लहान झाली’ म्हणणं चूक आहे. सोनोग्राफीची तुलना सोनोग्राफीशीच.

दुसरी: तीन मापांच्या चुका एकमेकींनी गुणल्या जातात. तिन्ही मापं ५ टक्के जास्त धरली गेली तर घनफळ १६ टक्के वाढतं. तिन्ही १० टक्के जास्त, तर ३३ टक्के. ५ टक्के म्हणजे ४.८ सेंमीत अडीच मिलिमीटरसुद्धा नव्हेत. हे एकदा लक्षात आलं की दशांशानंतर दोन अंक असलेलं घनफळ लिहायचा मोह आपोआप सुटतो.

मग सामान्य म्हणजे किती?

मोठ्या माणसात ९ ते १२ सेंमी ही ढोबळ चौकट आपण सगळेच धरतो. ज्या आकड्यांचा फार वेळा आधार घेतला जातो ते डेन्मार्कमधल्या ६६५ निरोगी स्वयंसेवकांच्या मोजणीतून आले, ती १९९३मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांची मध्यक लांबी डावीकडे ११.२ सेंमी आणि उजवीकडे १०.९ होती, घनफळ डावीकडे १४६ मिली आणि उजवीकडे १३४. पण तिथल्या उंचापुऱ्या माणसांचे आकडे आपल्याकडच्या दीड मीटर उंचीच्या, पंचेचाळीस किलो वजनाच्या मावशींना जसेच्या तसे लावायचे नाहीत. किडनीची लांबी उंचीबरोबर चालते, घनफळ शरीराच्या एकूण पृष्ठफळाबरोबर. त्या मावशींची ९.२ सेंमीची, जाड कॉर्टेक्सची किडनी अगदी निरोगी असू शकते, आणि सहा फुटी माणसात तीच ९.२ मला बेचैन करेल. म्हणून उंची विचारा. टेबलावर झोपलेल्या माणसाला उंची विचारायला पाच सेकंद लागतात.

डावी किडनी उजवीपेक्षा किंचित मोठी असणं स्वाभाविक आहे. दोघींतला फरक दीड सेंमीच्या वर गेला तर थांबून विचार करा. आधी आपला छेद तपासा, आणि तो खरा असेल तर लहान किडनी का लहान आहे ते शोधा: रक्तवाहिनी अरुंद झाली आहे का, जुन्या संसर्गाचे व्रण आहेत का, की ती जन्मतःच लहान आहे. कधी उलटही असतं: लहान वाटणारी किडनी ठीक असते आणि दुसरी मोठी असते, कारण तिच्यात दुहेरी कलेक्टिंग सिस्टिम (लघवी गोळा करणारी रचना) आहे. एकच किडनी असलेल्या माणसात ती एकटी दोघींचं काम करत मोठी होते. गरोदरपणात दोन्ही सेंटीमीटरभर वाढतात आणि बाळंतपणानंतर पूर्ववत होतात. पन्नाशी-साठीनंतर लांबी हळूहळू उतरते, म्हणून सत्तरीच्या आजींना तिशीच्या चौकटीत बसवू नका.

लहान किडनीचा अर्थ बराच सरळ आहे. दोन्ही किडन्या ८-९ सेंमीच्या खाली, कॉर्टेक्स पातळ आणि पांढरट दिसत असेल तर आजार जुना आहे. क्रिएटिनिन पहिल्यांदाच वाढलेलं सापडलेल्या रुग्णात फिजिशियनला हेच हवं असतं: हे नवं आहे की जुनं, बायोप्सी करून काही हाती लागेल का. उलट बाजूने मात्र फसू नका. मधुमेहात किडनी निकामी होत आली तरी लांबी सामान्य राहू शकते, सुरुवातीला तर ती मोठी असते. अ‍ॅमिलॉइडोसिस (अवयवांत विकृत प्रथिन साचण्याचा आजार) आणि एचआयव्हीमुळे होणारा किडनीचा आजार, यांतही तसंच. आपल्याकडे मधुमेहाचे रुग्ण इतके आहेत की ‘आकार सामान्य, म्हणजे किडनी चांगली’ हे वाक्य मनातून काढूनच टाका.

म्हणून लांबीच्या जोडीला कॉर्टेक्सची जाडी मोजा. लांबीच्या छेदात एखाद्या पिरॅमिडच्या (कॉर्टेक्सच्या आतल्या त्रिकोणी भागाच्या) बाहेरच्या कडेपासून कॅप्सूलपर्यंत, काटकोनात. साधारण ७ ते १० मिलिमीटर भरते. पिरॅमिड ओळखू येत नसतील तर सायनसच्या कडेपासून कॅप्सूलपर्यंत संपूर्ण पॅरेन्काइमा (कॉर्टेक्स आणि पिरॅमिडचा थर मिळून) मोजा, तो १५ ते २० मिलिमीटर असतो. कुठली जाडी मोजली ते लिहा. ८ मिलिमीटर कॉर्टेक्स म्हणजे उत्तम, ८ मिलिमीटर पॅरेन्काइमा म्हणजे चिंता.

मुलांची किडनी

मुलांत एकच चौकट चालत नाही, वयाबरोबर ती सरकते. १९८४पासून वापरात असलेली दोन सोपी सूत्रं अजूनही उपयोगी पडतात. वर्षाच्या आतल्या बाळासाठी: लांबी = ४.९८ + ०.१५५ × वय महिन्यांत. वर्षाच्या पुढे: लांबी = ६.७९ + ०.२२ × वय वर्षांत. चार महिन्यांच्या बाळाची किडनी ५.६ सेंमीच्या आसपास हवी, सहा वर्षांच्या मुलीची ८.१. हे मधले आकडे आहेत. सेंटीमीटरभर इकडेतिकडे असणं चालतं, आणि मूल वयाच्या मानाने फार लहानखुरं किंवा थोराड असेल तर वयापेक्षा उंची बघा.

नवजात बाळाचे पिरॅमिड काळे आणि ठळक दिसतात. नवी मंडळी त्यांना सिस्ट किंवा फुगलेले कॅलिक्स (लघवी गोळा करणारे पेले) समजतात. ते ओळीने, सारख्या अंतरावर असतात आणि पेल्व्हिसला जोडलेले नसतात, यावरून ओळखा. किडनीची कडही खाचाखाचांची असते, ती गर्भावस्थेतली खूण आहे.

लहान मुलाला आईच्या खांद्यावर पालथं घेतलं तर पाठीकडून दोन्ही किडन्या दोन मिनिटांत दिसतात आणि बाळ रडतही नाही. जेल आधी कोमट करून घ्या. पण पालथं आणि उताणं यात मापं थोडी बदलतात. रिफ्लक्ससाठी (लघवी उलटी किडनीकडे जाण्याचा त्रास) दर सहा महिन्यांनी येणाऱ्या मुलाला दर वेळी त्याच स्थितीत मोजा, नाहीतर किडनी वाढते आहे की खुंटली आहे हे कळणार नाही.

पॉलिसिस्टिक किडनी

इथे घनफळाला खरा भाव आहे. किडनीत सिस्टच सिस्ट होणाऱ्या या आनुवंशिक आजारात क्रिएटिनिन अनेक वर्षं सामान्य राहतं आणि किडनी मात्र वाढत जाते, म्हणून आजाराचा वेग आकारावरून ओळखतात. २०१५पासून वापरात आलेलं अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचं वर्गीकरण दोन्ही किडन्यांचं एकूण घनफळ, त्याला मीटरमधल्या उंचीने भागून, वयाशी ताडतं. त्यासाठी एमआरआय किंवा सीटीवरचं घनफळ लागतं. सोनोग्राफीवर इतकी मोठी किडनी एका चित्रात मावतच नाही. मग दोन चित्रं शेजारी जोडून किंवा पॅनोरमिक मोडवर (प्रोब सरकवत एकच लांब चित्र घेऊन) लांबी घ्यावी लागते. तरीही सोनोग्राफीची लांबी वाया जात नाही. साधारण पंचेचाळिशीच्या आतल्या रुग्णात ती १६.५ सेंमीच्या पुढे गेली तर किडनीचं काम लवकर ढासळण्याचा धोका जास्त समजतात. गावाकडे एमआरआय हाताशी नसताना नेफ्रॉलॉजिस्टकडे पाठवायची घाई कोणाला आहे, हे या एका आकड्यावरून ठरवता येतं.

या आजारात टोकावरच्या सिस्ट लांबीत धरायच्या, कारण इथे सिस्ट हाच किडनीचा आकार आहे. वर सांगितलेल्या नियमाला हा एक अपवाद.

रिपोर्ट कसा लिहायचा

मी असा लिहिते: ‘उजवी किडनी १०.४ × ४.८ × ४.६ सेंमी, घनफळ अंदाजे १२० मिली. कॉर्टेक्स ९ मिमी. डावी किडनी १०.८ × ५.१ × ४.७ सेंमी, घनफळ अंदाजे १३६ मिली. कॉर्टेक्स ९ मिमी. लांबी कुशीवर, श्वास रोखून. रुग्णाची उंची १५८ सेंमी.’ शेवटच्या दोन वाक्यांना लोक आधी हसायचे. आता आमच्या नेफ्रॉलॉजीकडूनच त्यांची मागणी येते. खालचं टोक नीट दिसलं नसेल तर तेही लिहा: ‘डाव्या किडनीचं खालचं टोक वायूमुळे अस्पष्ट, लांबी प्रत्यक्षात जास्त असू शकते.’ असं लिहिण्यात कमीपणा नाही.

जुना रिपोर्ट असेल तर त्यातला आकडा तारखेसकट तुमच्या रिपोर्टमध्ये उतरवा. दोन डॉक्टरांच्या मापांत सहज सेंटीमीटरभर फरक पडतो, म्हणून १०.४ची ९.९ झाली एवढ्यावरून ‘आकार घटला’ लिहू नका. शक्य असेल तर जुनी चित्रं मागवा आणि तेव्हाचे कॅलिपर कुठे होते ते बघा. अर्ध्या वेळा फरकाचं कारण तिथेच सापडतं.

आणि सरावासाठी एक गोष्ट करा. पहिल्या महिन्यात रोज दोन रुग्णांच्या किडन्या दोनदा मोजा, मध्ये दुसरा एखादा रुग्ण बघून. पहिली मापं वहीत लिहून वही बंद करून ठेवा, मग दुसरी घ्या, आणि दोन्ही शेजारी शेजारी मांडा. माझ्या पहिल्या वहीत दोन मापांत बारा-बारा मिलिमीटरचा फरक आहे. महिन्याच्या शेवटच्या पानावर तो चारवर आला होता.